वाचकांचे प्रश्न : रक्तप्रवाह थांबवण्याआधी शरीर थंड का करतात?

वडिलांचं वय ६३. महाधमनीच्या कमानीत ५.८ सेंमीचा फुगवटा निघाला आहे. सर्जन म्हणाले, ‘शरीर थंड करून रक्तप्रवाह काही वेळ थांबवावा लागेल.’ तेव्हापासून आईचा डोळ्याला डोळा लागत नाही. रक्तच थांबलं तर मेंदू कसा तगतो?
– मानेवाडा, नागपूर

आईंची भीती रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हृदयातून वर निघालेली महाधमनी जिथे वळून खाली उतरते, ती कमान. डोक्याकडे आणि हातांकडे जाणाऱ्या तिन्ही मोठ्या फांद्या तिथूनच फुटतात. फुगवटा कमानीच्या अलीकडे असेल तर मध्ये चिमटा लावून हार्ट-लंग मशीनवर (हृदय-फुफ्फुसांचं काम करणाऱ्या यंत्रावर) बाकीच्या शरीराचं रक्त चालू ठेवता येतं. कमानच बदलायची असेल तर चिमटा लावायला जागा उरत नाही. धमनी उघडी ठेवूनच डॅक्रॉनची (कृत्रिम धाग्याची) नळी शिवावी लागते आणि त्याला अर्धा तास सहज जातो.

३७ अंशांवरचा मेंदू रक्ताविना जेमतेम ५ मिनिटं काढतो. मात्र तापमान दर अंशाने उतरलं की त्याची प्राणवायूची गरज साधारण ६ ते ७ टक्क्यांनी घटते. त्यामुळे २० अंशांवर सुमारे २० मिनिटं मिळतात, तर १५ अंशांवर सुमारे ३०. टोरोंटोच्या विल्फ्रेड बिगेलो यांनी १९५० मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून ही वाट दाखवली. १९७५ मध्ये रँडल ग्रीप यांनी याच पद्धतीने कमान बदलल्याचं प्रसिद्ध केलं.

आता बऱ्याच ठिकाणी निव्वळ थंडीवर विसंबत नाहीत. उजव्या गळपट्टीच्या हाडाखालच्या धमनीला ८ मिमीची नळी शिवतात आणि शरीर २४ ते २८ अंशांवर असताना तिच्यातून फक्त मेंदूला रक्त देत राहतात. प्रमाण वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला सुमारे १० मिली, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६०० मिली. उजव्या मनगटाच्या धमनीतला रक्तदाब ५० ते ७० मिमी (पाऱ्याचा) ठेवतात. रक्त उजवीकडून चढतं आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या धमन्यांच्या कड्यातून डावीकडे पोहोचतं. हे कडं सगळ्यांचंच पूर्ण जुळलेलं नसतं. म्हणून कपाळावर दोन्ही बाजूंना प्राणवायू मोजणाऱ्या पट्ट्या असतात. डावीकडचा आकडा मूळच्या आकड्यापेक्षा २० टक्क्यांहून जास्त घसरला, तर डाव्या मानेच्या धमनीतही नळी घालतात.

मेंदूची सोय झाली तरी मूत्रपिंडं, यकृत आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू त्या वेळात रक्ताविनाच असतात. काम लांबणार असं दिसलं तर सर्जन मुद्दाम आणखी थंड करतात, ते यांच्यासाठी.

थंड कसं करतात? बर्फात ठेवतात का? आणि परत गरम करायला एवढा वेळ का लागतो?
– धरमपेठ, नागपूर

बर्फाच्या पिशव्या डोक्याभोवती ठेवतात, पण त्या मदतीपुरत्या. खरं काम मशीनमधला हीट एक्स्चेंजर (रक्त थंड-गरम करणारा भाग) करतो. आधी दर किलोला ३०० ते ४०० युनिट हेपॅरिन देऊन रक्त गोठण्याची वेळ ४८० सेकंदांपुढे नेतात, मगच मशीन सुरू होतं. नाकामागच्या तापमानावरून मेंदूचा अंदाज येतो, मूत्राशयाच्या तापमानावरून धडाचा. मूत्राशयाचा आकडा मागे रेंगाळतो. नाकाचा आकडा पाहून घाई केली तर मेंदूचे काही भाग अजून उबदार असतात. म्हणून खोल थंडीसाठी निदान अर्धा तास देतात. सुमारे २८ अंशांखाली हृदय थरथरू लागतं, ते अपेक्षितच असतं. थंड रक्त दाट होतं, त्यामुळे ते पातळही करावं लागतं.

आमच्या मते सगळ्यात जास्त संयम लागतो तो गरम करताना. आधी काही मिनिटं थंडच रक्त फिरवतात. मग मशीनमधून निघणाऱ्या आणि मशीनमध्ये येणाऱ्या रक्तातला फरक १० अंशांपुढे जाऊ देत नाहीत. ३० अंशांनंतर वेग मिनिटाला अर्ध्या अंशाहून कमी. निघणारं रक्त कधीही ३७ च्या वर नको, कारण ते सगळ्यात आधी मेंदूत शिरतं आणि नाकामागचा आकडा मेंदूचं तापमान कमीच दाखवतो. २० वरून ३६ वर यायला तासाहून जास्त लागतो. तेव्हा थिएटरबाहेर वेळ लांबला म्हणजे काही बिघडलंच, असं समजू नका.

मशीनवरून उतरल्यावर हातापायांतली थंडी आत येते आणि तापमान पुन्हा एखाद-दोन अंश उतरतं. थंडीने प्लेटलेट्स सुस्तावतात, त्यात पातळ झालेलं रक्त, म्हणून रक्तस्राव हा मोठा त्रास. प्रोटामिन (हेपॅरिनचा परिणाम उतरवणारं औषध) देऊनही तो थांबला नाही तर प्लेटलेट्स, प्लाझ्मा, क्रायो (प्लाझ्मातून काढलेले रक्त गोठवणारे घटक) लागतात.

माझ्या काकांची अशीच शस्त्रक्रिया ठरते आहे. त्यांची सिकलसेलची सोल्युबिलिटी टेस्ट पूर्वी पॉझिटिव्ह आली होती. त्रास काहीच नाही. डॉक्टरांना सांगायला हवं का?
– भंडारा

नक्की सांगा, आणि पहिल्याच भेटीत सांगा. विदर्भात हा प्रश्न प्रत्येक रुग्णाला विचारायलाच हवा. थंडी, मंद प्रवाह, आम्लता, कमी प्राणवायू : पेशी विळ्यासारख्या वाकायला जे जे लागतं ते सगळं या शस्त्रक्रियेत एकत्र येतं. सोल्युबिलिटी टेस्टवरून माणूस एएस वाहक की एसएस रुग्ण, हे कळत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या चाचण्या) करून एस हिमोग्लोबिनची टक्केवारी काढावी लागते. वाहकांत ती बहुधा ३० ते ४० असते. एसएस असेल तर आधी रक्त बदलून ती ३० च्या खाली आणतात, खोल थंडी लागणार असेल तर त्याहूनही खाली. पूर्वी अनेकदा रक्त घेतलं असेल तर जुळणारं रक्त शोधायला दिवस लागतात.

सासऱ्यांच्या पोटातल्या महाधमनीला फुगवटा आहे. त्यांनाही थंड करतील का?
– वर्धा

मूत्रपिंडांच्या धमन्यांखाली असेल तर नाही. तिथे चिमटा लावता येतो आणि शरीर उबदारच ठेवतात, कारण ३६ च्या खाली रक्तस्राव आणि जखमेचा संसर्ग वाढतो. छातीपासून पोटापर्यंत पसरलेल्या फुगवट्यात मात्र मज्जारज्जूसाठी ३२ ते ३४ अंशांपर्यंत उतरू देतात आणि पाठीतून नळी घालून मणक्यातल्या पाण्याचा दाब कमी ठेवतात.

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ वर असतो. शस्त्रक्रिया पावसाळ्यात करावी का?
– महाल, नागपूर

बाहेरच्या उन्हाचा मशीनशी संबंध नाही. फुगवटा ५.५ सेंमीच्या पुढे असेल, छातीत-पाठीत दुखत असेल तर थांबणं धोक्याचं. उन्हाळ्यात अडचण येते ती रक्तदात्यांची. कॉलेजं बंद, शिबिरं कमी. प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात, त्यामुळे दाते तारखेच्या आदल्या एक-दोन दिवसांत नेऊन उभे करा, पंधरा दिवस आधी नको.