जर्मन अभिनेते मारिओ अडोर्फ बहुधा दुय्यम भूमिकांतच दिसतात. मग इटालियन गुन्हेगारीपटांच्या चाहत्यांत त्यांचा एवढा बोलबाला का?

कारण मुख्य पात्राच्या हातून चित्रपट काढून घेण्याची कला त्यांना साधली होती. इटालियन दिग्दर्शक फेर्नांदो दी लेओ यांच्या १९७२ सालच्या ‘मिलानो कालिब्रो ९’ मध्ये नुकताच तुरुंगातून सुटलेला नायक उगो पियाझ्झा जवळजवळ बोलतच नाही. टोळीचे तीन लाख डॉलर त्यानेच लंपास केले, या संशयाने त्याच्या मागे लागलेला रोक्को मात्र क्षणभरही गप्प बसत नाही. चापून बसवलेले केस, मिशी आणि सततची बडबड यांमुळे अडोर्फ यांचा हा रोक्को आधी हास्यास्पद वाटतो, पण त्याचा हात उठला की आपले हसू घशातच अडकते. (शेवट येथे सांगावा लागत आहे, त्याबद्दल क्षमस्व.) उगोला कोणीतरी पाठीमागून गोळी घालतो, तेव्हा चित्रपटभर त्याचा छळ करणारा हाच रोक्को मारेकऱ्यावर तुटून पडतो आणि उगोसारखा माणूस दिसला तर टोपी काढायची असते, असे ओरडत त्याचे डोके आपटत राहतो. अख्ख्या चित्रपटातला एकमेव निखळ आदर आपल्याला एका गुंडाकडून ऐकायला मिळतो.

१९३० मध्ये झुरिक येथे जन्मलेले आणि जर्मनीतील मायेन या गावी वाढलेले अडोर्फ प्रकाशात आले ते रोबेर्ट सिओडमाक यांच्या १९५७ सालच्या जर्मन चित्रपटामुळे, ज्यात त्यांनी ब्रूनो ल्यूडके या कथित मालिका-खुन्याची भूमिका केली. ल्यूडकेचे कबुलीजबाब नाझी पोलिसांनी वदवून घेतलेले होते आणि तो बहुधा निर्दोष होता, हे पुढे उजेडात आले. त्या भूमिकेबद्दल अडोर्फ यांनी नंतर जाहीर खंतही व्यक्त केली. खलनायकाचा शिक्का मात्र बसला तो बसलाच.

दी लेओ यांनी १९७२ मध्येच ‘ला माला ऑर्दिना’ या चित्रपटात त्यांना मध्यवर्ती भूमिका दिली, तीही मिलानमधल्या वेश्यांच्या एका फुटकळ दलालाची. न्यूयॉर्कहून आलेले दोन मारेकरी त्याच्या मागावर असतात. पण पत्नी आणि मुलगी गाडीखाली चिरडल्या गेल्यावर तोच त्या गाडीमागे धावतो, तिला लटकतो आणि समोरची काच कपाळाने फोडतो. ‘द टिन ड्रम’ या जर्मन चित्रपटामुळे अडोर्फ यांना ओळखणाऱ्यांनी ही धाव अवश्य पाहावी, फक्त ‘मिलानो कालिब्रो ९’ आधी पाहून घ्यावा.