पंथातून बाहेर पडल्यावर राजकारणातही तीच तंत्रे दिसतात, हा भ्रम आहे का?

तुम्ही लिहिले आहे की एका बाबांच्या पंथातून बाहेर पडून तुम्हाला दोन वर्षे झाली आणि आता प्रचारसभा ऐकताना तीच भाषा कानावर पडल्यासारखे वाटून अस्वस्थ होते. हा जुन्या जखमेचा परिणाम आहे की साम्य खरे आहे, असा तुमचा प्रश्न आहे. मी अशाच एका गटात नऊ वर्षे होतो आणि 2013 मध्ये बाहेर पडलो. साम्य खरे आहे, असे मी विचारपूर्वक म्हणतो. मात्र ते नेमके कुठे आहे हे कळायला मला पुढे बराच काळ लागला आणि मधल्या काळात माझ्या हातून एक चूकही झाली.

पंथात जायचे ठरवून कोणी जात नाही. माझे वडील रुग्णालयात होते तेव्हा शेजारच्या एका गृहस्थांनी रात्रीची पाळी घेतली, त्यांच्या ओळखीच्या दोन कुटुंबांनी महिनाभर डबा पोहोचवला आणि वडील गेल्यावर तेराव्यापर्यंत हीच माणसे घरात होती. त्यांचा जिव्हाळा खोटा नव्हता, हे मी आजही सांगेन. पुढे ताई आणि मी त्यांच्याबरोबर दर गुरुवारी बैठकीला जाऊ लागलो, मग रविवारही सेवेत जाऊ लागला, आणि दोन-तीन वर्षांत अशी वेळ आली की त्या वर्तुळाबाहेर आम्हाला मित्रच उरले नाहीत. कोणी बंदी घातली नव्हती. फक्त इतरांसाठी वेळ उरला नव्हता.

माझ्याकडे अन्नदानाच्या हिशेबाची वही होती. एका उत्सवानंतर तांदळाचे एकच बिल दोनदा खर्ची पडलेले मला दिसले, आणि मी ते सरळ मनाने बैठकीत सांगितले. मला वाटले होते की कोणीतरी वही हातात घेऊन चूक तपासेल. वही कोणी उघडलीच नाही. ‘तुझ्या मनात विकल्प आला आहे,’ असे एक ज्येष्ठ गुरुबंधू अत्यंत मायेने म्हणाले, आणि तो विकल्प जावा म्हणून सर्वांनी माझ्यासाठी जप केला. विकल्प म्हणजे श्रद्धेविषयी मनात आलेली शंका; हा शब्द आपल्या भक्तिपरंपरेत जुना आहे आणि त्याचा मूळ अर्थ वाईट नाही. पण त्या दिवशी त्याचा उपयोग असा झाला की तांदळाविषयीचा प्रश्न पाच मिनिटांत माझ्याविषयीचा प्रश्न होऊन गेला. मी स्वतःही पुढचे सहा महिने माझ्या श्रद्धेत काय खोट आहे हेच शोधत राहिलो. बिलाचा विचार मी मनातून काढून टाकला होता.

2017 च्या महापालिका निवडणुकीच्या वेळी आमच्या वसाहतीत एका पक्षाची बैठक झाली. एका निवृत्त शिक्षकांनी विचारले की पाण्याच्या नव्या जलवाहिनीचे काम मागच्या निवडणुकीत जाहीर झाले होते, ते कुठवर आले आहे. व्यासपीठावरून उत्तर आले, ‘सर, तुमचा साहेबांवर विश्वास नाही का?’ सभागृहात टाळ्या वाजल्या आणि शिक्षक खाली बसले. ‘साहेबां’च्या जागी ‘गुरूं’ असा शब्द ठेवला तर हे वाक्य मी बैठकीत शंभर वेळा ऐकले होते. जलवाहिनीविषयी एकही शब्द बोलला गेला नव्हता. तपासणी फक्त विचारणाऱ्याच्या निष्ठेची झाली होती. तुम्हाला प्रचारसभेत जे अस्वस्थ करते ते बहुधा हेच असावे. गर्दी, घोषणा, पुष्पहार या गोष्टी सर्वत्र असतात आणि त्यांचे मला विशेष भय वाटत नाही. प्रश्न आणि प्रश्नकर्ता यांची अदलाबदल होते, तिथे मात्र मी सावध होतो. ‘गद्दार’, ‘दलाल’, ‘देशद्रोही’, ‘विकला गेलेला’ हे शब्द वेगवेगळ्या पक्षांत चालतात, पण त्यांचे काम ‘विकल्प’ या शब्दाने माझ्याबाबत केले तेच असते.

हे साम्य योगायोगाचे नाही, हे मला वाचनातून उमगले. रॉबर्ट जे लिफ्टन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने 1950 च्या दशकात हाँगकाँगमध्ये राहून साम्यवादी चीनमधल्या ‘विचारसुधारणे’तून, म्हणजे माणसांची मते दबावाने बदलण्याच्या मोहिमेतून, बाहेर आलेल्या माणसांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या आणि 1961 मध्ये त्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा वातावरणाची आठ लक्षणे त्याने नोंदवली होती. सगळा विचार एका तयार शब्दात गुंडाळून संपवणारी भाषा हे त्यांतले एक. पुढे धार्मिक पंथांतून सुटलेल्या लोकांनी तीच लक्षणे आपल्या अनुभवाला लावून पाहिली. म्हणजे पंथांना समजून घेण्याचे हे साधन मुळात राजकारणाच्या अभ्यासातूनच आले आहे, आणि तुम्ही ते उलट दिशेने वापरून पाहता यात भ्रमाचा भाग नाही.

त्या आठांपैकी शेवटचे लक्षण सर्वांत भयंकर आहे: आपल्या गटाबाहेरच्या माणसाच्या अस्तित्वालाच किंमत न देणे. पुण्याच्या कोरेगाव पार्कमधून 1981 मध्ये रजनीश अमेरिकेला गेले आणि ओरेगन राज्यात त्यांच्या अनुयायांनी रजनीशपुरम वसवले. 1984 च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या वॉस्को काउंटीची, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाची, निवडणूक होती. ती जिंकण्यासाठी वेगवेगळ्या शहरांतून हजारो बेघर लोक मतदार म्हणून आणले गेले, आणि स्थानिक मतदार घरीच राहावेत या हेतूने काही वरिष्ठ अनुयायांनी द डॅल्स गावातल्या दहा उपाहारगृहांतल्या खाद्यपदार्थांत साल्मोनेलाचे जंतू मिसळले. 751 माणसे आजारी पडली. या समूहात सुशिक्षित माणसे पुष्कळ होती. त्या 751 जणांमध्ये आपल्यासारखेच कोणाचे आईवडील, कोणाची मुले असतील, हे या अनुयायांपैकी काहींना दिसेनासे झाले होते, आणि शिक्षणाने ते दिसत राहते असा माझा समज या प्रकरणाने कायमचा गेला.

तरीही प्रत्येक पक्षाला पंथ म्हणू नये, कारण त्याने शब्दाची धार जाते आणि खरा धोका ओळखू येत नाही. तसेच प्रत्येक संप्रदाय हाही पंथाचा सापळा नसतो. माझे आजोबा आळंदीहून पायी पंढरपूरला जात. एका वर्षी ते गेले नाहीत तेव्हा दिंडीतल्या लोकांनी घरी येऊन प्रकृतीची विचारपूस केली, जाब मागितला नाही. हा फरक मला कोणत्याही तत्त्वज्ञानापेक्षा जास्त उपयोगी पडला आहे. पक्षाच्या बाबतीत मी हेच पाहतो: काल काम करणारा कार्यकर्ता आज घरी बसला तर त्याच्या दुकानावर, नात्यांवर, मुलीच्या लग्नावर काय परिणाम होतो? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत सांगितले होते की धर्मातली भक्ती कदाचित आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल, पण राजकारणातली भक्ती हा अधःपतनाचा आणि शेवटी हुकूमशाहीचा हमखास मार्ग आहे. यातला ‘कदाचित’ मला माझ्या नऊ वर्षांनंतर फार मोलाचा वाटतो.

आता माझ्या चुकीविषयी. पंथ सुटल्यावर आयुष्यात मोठी पोकळी आली होती, आणि ती मी एका राजकीय बाजूने भरून काढली. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण बाजू कोणती होती याने काही बदलत नाही. जवळजवळ दोन वर्षे मी सकाळी उठल्यापासून विरोधकांच्या चुका गोळा करीत असे आणि आमच्या नेत्यावरची टीका मला शारीरिक वेदनेसारखी लागत असे. चुलतभावाने एकदा आमच्या बाजूच्या एका निर्णयाचा खर्च विचारला, तेव्हा मी त्याला ‘तू विकला गेला आहेस’ असे लिहिले. त्याने उत्तर दिले नाही. रात्री ते वाक्य पुन्हा वाचताना मला तांदळाचे बिल आठवले. दुसऱ्या दिवशी मी त्याची क्षमा मागितली आणि त्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर शोधले; त्याचा मुद्दा बरोबर होता. तुम्हीही बाहेर पडून दोनच वर्षे झाली आहेत, म्हणून कळकळीने सांगतो: प्रश्नाला उत्तर मिळते की विचारणाऱ्याचीच निष्ठा तपासली जाते, ही परीक्षा आधी आपल्याला आवडणाऱ्या नेत्यावर करून पाहा.

तुमची आई अजून त्या पंथात आहे आणि तिच्याशी वाद घालावा का, असेही तुम्ही विचारले आहे. माझी ताई मी बाहेर पडल्यावरही तिथेच राहिली. पहिली दोन वर्षे मी तिच्याशी वाद घातला आणि तिचे फोन बंद झाले. मग मी फक्त भाऊबीजेला तिच्याकडे जाणे चुकवले नाही. मुलांची शाळा, तिचे गुडघे, आईच्या हातची आमटी याच विषयांवर आम्ही बोलत राहिलो. मागच्या वर्षी ओवाळून झाल्यावर, मी निघताना, जिन्यापर्यंत येऊन तिने हळू आवाजात विचारले, ‘ते तांदळाचं बिल खरंच दोनदा लावलं होतं का रे?’ मी हो म्हणालो. वहीच्या त्या पानाची प्रत माझ्याकडे अजून आहे, हेही सांगितले. ती म्हणाली, ‘पुढच्या वेळी येताना घेऊन ये.’