मराठी रेसिपीच्या रील्स आणि शॉर्ट्स किती वाजता टाकाव्यात?

इन्स्टाग्रामवर दोनेक हजार फॉलोअर्स, तेच व्हिडिओ यूट्यूब शॉर्ट्सवरही जातात, आणि नेटवरचा एक तक्ता सकाळी ९ म्हणतो तर दुसरा संध्याकाळी ७. यातलं खरं काय, असा तुमचा प्रश्न आहे. एका ओळीत उत्तर हवं असेल तर रोजच्या स्वयंपाकाच्या रेसिपीसाठी संध्याकाळी ६ ते ८ पासून सुरुवात करा. मात्र ही फक्त सुरुवात समजा.

ते तक्ते बाजूला ठेवा. बहुतेक तक्ते अनेक देशांतल्या, अनेक विषयांच्या खात्यांची सरासरी काढून केलेले असतात. त्यात जिमवाले, कपडेवाले, बातम्यावाले सगळे एकत्र. तुमची प्रेक्षक मात्र उद्याच्या डब्याला काय करायचं याच्या विवंचनेत असते. रेसिपीच्या बाबतीत मी घड्याळाआधी स्वयंपाकघर बघेन.

साबुदाणा खिचडीचंच घ्या. एकादशीच्या सकाळी ८ वाजता रील टाकली, तर ज्यांनी रात्री साबुदाणा भिजत घातला नाही त्यांना तिचा उपयोग शून्य, आणि ज्यांनी घातला त्यांची खिचडी तोवर कढईत. तीच रील दशमीच्या संध्याकाळी ६ ला टाकली तर बघणारी बाई उठून साबुदाणा धुते, भिजत घालते आणि रील सेव्ह करून ठेवते. बहिणीला पाठवते तीही तेव्हाच. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी स्वतः सांगितलंय, की रील पुढे न्यायला सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टी म्हणजे ती किती वेळ बघितली गेली, लाइक्स आणि किती जणांनी पुढे पाठवली. म्हणजे वेळ चुकली की नुसते त्या तासाचे व्ह्यूज जात नाहीत, पाठवण्याचं कारणच जातं.

याच हिशेबाने रविवारच्या मटणाची रील शनिवारी संध्याकाळी, कारण सकाळी पिशवी घेऊन माणूस दुकानासमोर रांगेत लागलेला असतो. डब्याची भाजी आदल्या रात्री ८ ते ९. कैरीचं लोणचं मेच्या मध्याला, कुरडया-पापड उन्हाळा तापायला लागला की. उकडीच्या मोदकांना मी गणेश चतुर्थीच्या आधी आठ-दहा दिवस देईन. तांदळाची पिठी आणायची असते, आणि रील अनोळखी लोकांपर्यंत पोचायलाही काही दिवस जातात. चतुर्थीच्या सकाळी टाकलेले मोदक बघायला छान, करायला उशीर.

आता तुमचे स्वतःचे आकडे. इन्स्टाग्रामचं खातं प्रोफेशनल करून घ्या, मग इनसाइट्समध्ये फॉलोअर्सच्या भागात खाली ‘मोस्ट अ‍ॅक्टिव्ह टाइम्स’ दिसेल. यूट्यूबला स्टुडिओ, अ‍ॅनालिटिक्स, ऑडियन्स या वाटेने गेलात की जांभळ्या पट्ट्यांचा तक्ता येतो. तो मागच्या २८ दिवसांचा असतो. जितका गडद जांभळा, तितके तुमचे प्रेक्षक त्या वेळी यूट्यूबवर जास्त. सगळ्यात गडद तासाला व्हिडिओ टाकायची घाई करू नका. गर्दी चढायला लागते त्याच्या तास-दीड तास आधी टाका. ९ ला गर्दी असेल तर साडेसात.

एक गफलत इथे बहुतेकांची होते. इन्स्टाग्रामचा हा आलेख फॉलोअर्सचा आहे, पण रील चालते ती मुख्यतः फॉलो न करणाऱ्यांमुळे. म्हणून आलेखावर भिस्त न ठेवता चाचणी घ्या. दोन वेळा ठरवा, समजा दुपारी १ आणि संध्याकाळी साडेसात. आठवड्याला तीन रील्स, चार आठवडे, म्हणजे प्रत्येक वेळेला सहा. वार आलटून-पालटून घ्या, नाहीतर सगळे रविवार एकाच बाजूला पडतात आणि तुम्ही वेळ नव्हे, सुट्टी मोजता. रेसिपीचा प्रकारही सारखा ठेवा. एका बाजूला पुरणपोळी आणि दुसऱ्या बाजूला दुधीची भाजी अशी तुलना करून काही कळत नाही. प्रत्येक रीलचे २४ तासांचे आणि ७ दिवसांचे व्ह्यूज वहीत लिहा.

हिशेब करताना सरासरी काढू नका. समजा दुपारचे आकडे ९००, १,१००, १,३००, १,५००, १,९०० आणि ४२,००० आले, आणि संध्याकाळचे १,२००, १,७००, १,९००, २,१००, २,३००, २,६००. सरासरी म्हणेल दुपार ८,११७ आणि संध्याकाळ १,९६७, दुपार जिंकली! पण ते ४२,००० एकाच रीलचे आहेत, वेळेचं कर्तृत्व नाही. आकडे चढत्या क्रमाने लावून मधले दोन घ्या आणि त्यांचा मध्य काढा: दुपार १,४००, संध्याकाळ २,०००. संध्याकाळ घ्या. दोन्हींत शे-दीडशेचाच फरक असेल तर वेळेचा नाद सोडा आणि पहिल्या तीन सेकंदांकडे बघा. तिथे फोडणी तडतडते आहे की तुम्ही ‘नमस्कार मैत्रिणींनो’ म्हणताय?

शॉर्ट्सचं गणित निराळं. प्रकाशित करण्याच्या वेळेचा व्हिडिओच्या दीर्घकालीन कामगिरीवर थेट परिणाम होतो असं दिसत नाही, हे यूट्यूब स्वतःच सांगतं. शॉर्ट दोन दिवस निपचित पडून तिसऱ्या दिवशी उचलला जाणं नेहमीचं आहे, त्यामुळे पहिल्या संध्याकाळी काढून टाकू नका. शिवाय ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट नुसता सुरू झाला तरी व्ह्यू मोजला जातो. त्याआधीच्या शॉर्ट्सशी तुलना करायची असेल तर ‘एंगेज्ड व्ह्यूज’चा, म्हणजे जुन्या पद्धतीने मोजलेल्या व्ह्यूजचा आकडा घ्या, नाहीतर वेळ बदलल्यामुळे व्ह्यूज वाढले असं उगाच वाटेल.

दोन्हीकडे शेड्यूलची सोय आहे, ती वापरा. यूट्यूबवर दोन-तीन तास आधी चढवून ठेवलंत तर चांगल्या क्वालिटीचं प्रोसेसिंग आणि कॉपीराइट तपासणी तोवर उरकते. फक्त रील लाइव्ह होते तेव्हा पुढचा अर्धा तास फोन हाताशी हवा. ‘साबुदाणा किती वेळ भिजवायचा?’ या कमेंटला लगेच उत्तर गेलं तर खाली आणखी दोन प्रश्न येतात. स्वतःच्या घरी पोळ्या लाटायच्या वेळेला रील लावली तर हे जमत नाही, मग आलेख काहीही म्हणो.

परदेशातल्या मराठी मंडळींचं प्रमाण इनसाइट्समध्ये देशांच्या यादीत दिसेल. आपल्याकडे रात्रीचे ८ म्हणजे दुबईत साडेसहा, लंडनला उन्हाळ्यात दुपारचे साडेतीन, न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेदहा. हिवाळ्यात लंडन आणि न्यू जर्सीचं घड्याळ आणखी एक तास मागे जातं. आखातातले प्रेक्षक जास्त असतील तर ८ ची वेळ आयतीच जुळते. अमेरिकेतले दहात एक असतील तर त्यांच्यासाठी वेळ हलवू नका. दिवाळीच्या फराळाच्या रील्स तेवढ्या पंधरा दिवस आधी टाका, कारण भाजणीचं सामान आणायला त्यांना इंडियन स्टोअरपर्यंत गाडी काढावी लागते आणि ते काम बहुधा शनिवार-रविवारीच होतं.