घरच्या सीएनसीचा कंट्रोलर : बटण दाबलं की वीज तुटली पाहिजे

लाकूड आणि ॲक्रिलिक कापणारे छोटे सीएनसी राउटर (कॉम्प्युटरच्या हुकमाने कटर हलवणारी मशीनं) घरी बांधणाऱ्या वाचकांकडून पुन्हा पुन्हा तेच प्रश्न येताहेत. त्यांतले निम्मे प्रश्न ऐकीव सल्ल्यांतून तयार झालेले आहेत. म्हणून या वेळी त्यांची एकत्र उत्तरं.

प्रश्न : अर्डुइनो उनो (छोटा कंट्रोलर बोर्ड), सीएनसी शिल्ड व्ही3 (त्यावर बसणारी पाटी) आणि जीआरबीएल 1.1 (त्यातला मशीन चालवणारा प्रोग्रॅम) वापरतो. एक्स आणि वायचे लिमिट स्विच (मशीन टोकाला पोचल्याचं सांगणारे) चालतात, झेडचा चालत नाही. शिल्ड बदलू का? – बार्शी

बदलू नका. शिल्डवरची अक्षरं जुन्या जीआरबीएलच्या वेळची आहेत. आता स्पिंडलचा (कटर फिरवणाऱ्या मोटरचा) वेग ठरवणारा पीडब्ल्यूएम सिग्नल 11 नंबरच्या पिनवर आहे आणि झेड लिमिट 12 वर. झेडची वायर ‘स्पिंडल एनेबल’ लिहिलेल्या जागी लावा.

प्रश्न : ए4988 ड्रायव्हरचा (मोटरला करंट देणाऱ्या छोट्या पाटीचा) करंट किती ठेवायचा? दुकानदार म्हणाला, मोटरचा आवाज जाईपर्यंत पॉट (त्यावरचा बारीक स्क्रू) फिरवत राहा. – चिंचवड

आवाजावर करंट लावायचा नसतो, तो मोजून लावायचा असतो. चिपशेजारी दोन बारीक काळे रेझिस्टर आहेत. त्यांवर आर100 असेल तर 0.1 ओहम, आर050 असेल तर 0.05 ओहम. व्हीरेफ (पॉटवर मोजायचं व्होल्टेज) म्हणजे 8 गुणिले करंट गुणिले हा रेझिस्टर. मोटर 1.5 अँपिअरची असेल तर 1.2 पुरे. म्हणजे आर100 वर 0.96 व्होल्ट, आर050 वर 0.48. रेझिस्टर न पाहता नेटवरचा आकडा उचलला, तर करंट सरळ दुप्पट किंवा निम्मा होतो. डीआरव्ही8825 चं सूत्र वेगळं आहे : व्हीरेफ करंटच्या निम्मा, म्हणजे इथे 0.6. त्याचा पॉटही उलट बाजूला असतो. त्यामुळे ड्रायव्हर बसवताना पॉटकडे पाहू नका, ‘ईएन’ लिहिलेली पिन जुळवा. उलटा बसला तर पहिल्याच सप्लायला जळतो.

आणि सप्लाय चालू असताना मोटरची वायर काढू-घालू नका. कॉइलमधला करंट अचानक तुटला की जो झटका येतो, त्याने ड्रायव्हर जागच्या जागी उडतो. ‘चायनीज माल आहे’ म्हणून परत आलेले बरेचसे ड्रायव्हर असेच गेलेले असतात.

प्रश्न : 8 मिलिमीटर लीडच्या (एका फेरीत 8 मिलिमीटर सरकवणाऱ्या) स्क्रूला स्टेप्स पर मिलिमीटर किती? – कराड

200 (मोटरच्या एका फेरीतल्या स्टेप्स) गुणिले 16 (मायक्रोस्टेपिंग, म्हणजे एका स्टेपचे तुकडे) भागिले 8, म्हणजे 400. मायक्रोस्टेपिंग 16 वर असेल तरच.

प्रश्न : जुन्या पीसीवर 64-बिट विंडोज 10 आहे. यूएसबी ते पॅरलल केबल लावून मॅक3 (मशीन चालवणारा प्रोग्रॅम) चालेल असं कळलं. – नाशिक

चुकीचं कळलं. ती केबल प्रिंटरसाठी असते, स्टेप पल्सच्या वेळा ती पाळू शकत नाही. मॅक3 चा पॅरलल पोर्ट ड्रायव्हर फक्त 32-बिट विंडोजवर चालतो. त्याच पीसीत खरा पॅरलल पोर्ट असेल, तर लिनक्ससीएनसी (तसाच दुसरा प्रोग्रॅम) टाका. त्याआधी त्यातली लेटन्सी टेस्ट (पीसी किती उशीर करतो ते मोजणारी) तासभर चालवून पाहा.

प्रश्न : नेमा 23, 3 अँपिअरच्या मोटर आहेत. ‘टीबी6600, 4 अँपिअर’ स्वस्तात मिळतोय. – इचलकरंजी

डब्यावरचा हा 4 चा आकडा पीक (क्षणभराच्या कमाल) करंटचा असतो, आणि विकणारा ते सांगत नाही. अनेकदा त्या नावाच्या डब्यात चिपही दुसरीच निघते. लॅमिंग्टन रोडला किंवा तपकीर गल्लीत समोर उभं राहून घेत असाल, तर डब्यावरच्या स्विचच्या तक्त्यात पीक करंट आणि साधा करंट हे दोन्ही रकाने वाचून मग पैसे द्या. 3 अँपिअरच्या मोटरला डीएम542 जातीचा ड्रायव्हर आणि 36 व्होल्ट, 10 अँपिअरचा एसएमपीएस (डीसी सप्लाय) घ्या. तीन मोटर आहेत म्हणून 15 अँपिअरचा सप्लाय गळ्यात मारतात. त्याची गरज नसते.

प्रश्न : राउटर (कटर फिरवणारी मोटर) सुरू केला की मशीन कुठल्याच टोकाला नसताना ‘अलार्म 1’ येतो. हार्ड लिमिट बंद करून टाकू का? – सांगली

नको. अलार्म 1 म्हणजे लिमिट लागल्याची सूचना, आणि इथे ती नॉइजमुळे (विजेच्या खोट्या सिग्नलमुळे) येते आहे. अर्डुइनोचा आतला पुल-अप (पिनला 5 व्होल्टकडे ओढून ठेवणारा रेझिस्टर) 20 ते 50 किलोओहमचा, म्हणजे फारच कमजोर. त्यावर दोन मीटर लांब वायर अँटेनासारखी वागते. स्विच एनसी (एरवी जोडलेला, दाबला की तुटणारा) जोडा आणि जीआरबीएलचं $5 सेटिंग बदला. पिनवर बाहेरून 4.7 किलोओहमचा पुल-अप द्या, पिन आणि ग्राउंडमध्ये 100 नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा. केबल शिल्डची (वर धातूची जाळी असलेली) घ्या, पण ही जाळी फक्त पॅनेलच्या टोकाला अर्थ करा. दुसरं टोक कापून त्यावर स्लीव्ह चढवा. स्पिंडलची केबल आणि लिमिटची केबल एकाच चॅनेलमधून नेऊ नका. एवढं करूनही अलार्म येत राहिला, तर ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशाने पलीकडे नेणारा भाग) बसवा.

प्रश्न : इमर्जन्सी बटण शिल्डच्या ‘अबॉर्ट’ पिनला जोडलं आहे. पुरेसं आहे ना? – कोल्हापूर

नाही. आजच्या सगळ्या पत्रांत काळजीचं पत्र हेच आहे.

ती पिन जीआरबीएलला फक्त सांगते की थांब. ते ऐकायला अर्डुइनो जागा असावा लागतो. नॉइजने तो अडकला असेल तर बटण दाबून काहीच होत नाही. शिवाय तुमचा राउटर भिंतीतल्या प्लगवर थेट लावला आहे असं तुम्हीच लिहिलंय. जीआरबीएलला त्याचा पत्ताच नाही. टेबल थांबेल, कटर फिरतच राहील.

दाबल्यावर अडकून राहणारं, फिरवून सोडायचं लाल मशरूम बटण घ्या आणि त्याचा एनसी काँटॅक्ट वापरा. एनओ (एरवी तुटलेला, दाबला की जोडला जाणारा) वापरला आणि आत कुठे वायर तुटली, तर ते कळायचा दिवस नेमका बोट अडकण्याचा असतो. एनसीत वायर तुटली की मशीन मुळी सुरूच होत नाही. हा काँटॅक्ट काँटॅक्टरच्या (कॉइलने ओढला जाणाऱ्या मोठ्या स्विचच्या) कॉइलच्या सिरीजमध्ये, पुढे हिरवं स्टार्ट बटण, आणि स्टार्टला समांतर काँटॅक्टरचाच एनओ काँटॅक्ट. वायरमन याला होल्डिंग म्हणतात. हिरवं दाबलं की काँटॅक्टर खट्‌कन ओढतो आणि धरून राहतो. लाल दाबलं की सुटतो. लाइट गेली तरी सुटतो, आणि हे फार महत्त्वाचं आहे. होल्डिंग नसेल तर लाइट आल्याबरोबर राउटर आपोआप सुरू होतो, आणि तेव्हा तुम्ही कदाचित कोलेटमधला (कटर पकडणाऱ्या भागातला) कटर चाचपून पाहत असता.

काँटॅक्टरमधून मोटरच्या एसएमपीएसची 230 व्होल्टची बाजू आणि राउटरचं सॉकेट, दोन्ही तोडा. अर्डुइनोचा सप्लाय वेगळा ठेवा. कॉइल 24 व्होल्टची घेतली तर बटणाच्या वायरीत मेन्स येत नाही. मोटरला जागेवर धरणारा करंट गेला की जड झेड खाली येऊ शकतो, त्याला स्प्रिंग किंवा ब्रेक असावा. दाबल्यानंतर पुन्हा होमिंग (मशीनला शून्याची जागा शोधायला लावणं) करावंच लागेल. बटण हात पोचेल अशा जागी, पण कटरच्या पलीकडे हात न नेता दाबता येईल असं बसवा.

काँटॅक्टर आणि एमसीबीचा आकार परवानाधारक वायरमनकडून ठरवून घ्या आणि 230 व्होल्टची जोडणी त्यालाच करू द्या. हे काम पुढच्या रविवारवर ढकलू नका. तोपर्यंत मशीनवर कटर लावू नका.

प्रश्न : फेज आणि अर्थमध्ये मल्टिमीटर 228 व्होल्ट दाखवतो. म्हणजे अर्थिंग चांगलं? – लातूर

तसं म्हणता येत नाही. मल्टिमीटर जवळजवळ करंटच ओढत नाही, म्हणून गंजून एका तारेवर टिकलेलं अर्थिंगही त्याला चांगलं दिसतं. वायरमनकडून अर्थ टेस्टरने तपासून घ्या. मग फ्रेम, गँट्री (वरचा सरकता पूल), स्पिंडलची बॉडी आणि पॅनेलचं दार, प्रत्येकाची स्वतंत्र हिरवी वायर एकाच पट्टीवर आणा. बेअरिंगमधून अर्थ जाईल असं धरू नका. लगखालचा (वायरीच्या टोकाच्या चकतीखालचा) रंग लखलखीत धातू दिसेपर्यंत खरवडा. वायरीच्या टोकाला सोल्डर लावून ते स्क्रूखाली दाबू नका, सोल्डर हळूहळू दबतो आणि जोड सैल होतो. थिंबल क्रिंप करा.

प्रश्न : पॅनेलचा डबा प्लायचा चालेल? – वसई

नाही. पत्र्याचा, अर्थ केलेला.

प्रश्न : 2.2 किलोवॅटचा, 24,000 आरपीएमचा स्पिंडल आणि व्हीएफडी (त्याचा वेग बदलणारा ड्राइव्ह) आला आहे. लावून सुरू करू? व्हीएफडीने आरसीसीबी (अर्थकडे गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडते, ती काढून टाका असं एकाने सुचवलं. – ठाणे

सुरू करू नका. हा स्पिंडल 400 हर्ट्झचा असतो, आणि व्हीएफडी बहुतेक वेळा 50 हर्ट्झच्या सेटिंगवर येतो. म्हणजे 50 हर्ट्झलाच पूर्ण व्होल्टेज, आणि काही मिनिटांत वाइंडिंग जळालं. बेस आणि कमाल फ्रिक्वेन्सी दोन्ही 400 करा, व्होल्टेज आणि करंट स्पिंडलच्या नामफलकावरून भरा. हवेने थंड होणारा स्पिंडल असेल तर किमान मर्यादा 120 हर्ट्झच्या आसपास ठेवा, कारण त्याचा पंखा त्याच शाफ्टवर असतो. व्हीएफडी आणि स्पिंडलच्या मध्ये स्विच किंवा काँटॅक्टर घालू नका. बंद केल्यावर आतले कपॅसिटर उतरायला दहा मिनिटं द्या, मगच झाकण उघडा.

आरसीसीबी काढायची नाही. व्हीएफडीच्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थकडे जातोच, पण खरोखरची गळतीही तिथेच दिसते. दोन्हींतली कोणती आहे, ते वायरमनने मोजूनच सांगायला हवं. त्याला व्हीएफडीचं मॅन्युअल दाखवा आणि व्हीएफडीला चालणारी आरसीसीबी कोणत्या प्रकारची लागेल ते विचारा.