दोन तासांचं भाषण, पण फौज कुठे?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयातली एक विद्यार्थिनी सांगलीच्या वक्तृत्व स्पर्धेत तुर्कांविरुद्ध युद्धाची हाक देणाऱ्या युरोपीय भाषणांवर बोलणार आहे. वेळ सात मिनिटं. पंधराव्या शतकातला इटालियन धर्मगुरू आणि वक्ता एनिया सिल्विओ पिकोलोमिनी याचं भाषण एवढं गाजलं, तर युद्ध का झालं नाही? आणि मांडणी कशी करावी?
— एक वाचक, मिरज

उत्तर : तिला एनियाचं एकच भाषण घ्यायला सांगा : फ्रँकफर्टची जर्मन राजेरजवाड्यांची सभा, 15 ऑक्टोबर 1454. ऑटोमन तुर्कांच्या हाती कॉन्स्टँटिनोपल पडून सव्वा वर्ष उलटलं होतं. साचा प्राचीन रोमन वक्ता सिसेरोचा. युद्ध न्याय्य आहे, सोपं आहे, फायद्याचं आहे, असे तीन भाग. पूर्वी आपण ख्रिश्चनांनी आशिया-आफ्रिकेत, परक्या भूमीत मार खाल्ला, आता युरोपात, स्वतःच्या घरात खाल्ला, हा त्यातला सर्वांत धारदार मुद्दा. त्यावर एक मिनिट खर्च करावं.

गोम दुसऱ्या भागात आहे. आधी तुर्क महाभयंकर म्हणून रंगवायचे आणि लगेच ते सहज हरतील म्हणायचं! परीक्षक जाणकार असतील तर हा ताण दाखवल्याबद्दल गुण देतील.

श्रोते दोन तास खाकरलेसुद्धा नाहीत, हे वाक्य बहुतेक जण ठोकून देतात. ते लिहिलंय खुद्द वक्त्यानं, आत्मवृत्तात, स्वतःचा उल्लेख 'तो' असा करून. तेवढं सांगूनच वापरावं.

युद्ध न होण्याचं कारण वक्तृत्वात शोधू नये. जर्मनीचा सम्राट (पवित्र रोमन सम्राट) फ्रेडरिक तिसरा सभेला आलाच नव्हता. 10,000 घोडदळ आणि 30,000 पायदळाचं आश्वासन मिळालं, पण पैसा कोण देणार, सेनापती कोण, हे पुढच्या सभेवर ढकललं. ती सभा चालू असताना मार्च 1455 मध्ये पोप निकोलस पाचवा वारला आणि सगळं लांबणीवर पडलं. 1458 मध्ये एनिया स्वतः पोप झाला, पायस दुसरा. त्यानं इटलीत मांतुआला बोलावलेल्या 1459 च्या सभेत तर तीन वर्षांचा करही ठरला : धर्मगुरूंनी उत्पन्नाचा दहावा हिस्सा, सामान्यांनी तिसावा, ज्यूंनी विसावा. वसुली मात्र राजांच्या मर्जीवर, आणि बहुतेकांनी सभेला फक्त दूत धाडले होते.

पहिल्या धर्मयुद्धाची हाक देणारं, 1095 चं पोप अर्बनचं क्लेरमाँ (फ्रान्स) इथलं भाषण यात मिसळू देऊ नका, ही चूक हमखास होते. शेवटची दीड मिनिटं तुर्कांनी वेढलेल्या बेलग्रेडसाठी राखावीत, कारण प्रवचनातून फौज खरोखर उभी राहिली ती तिथे. 1456 मध्ये कापिस्त्रानोचा जॉन हा फ्रान्सिस्कन प्रवचनकार शेतकरी आणि गावकरी गोळा करून तिथे गेला आणि हंगेरीचा सेनापती हुन्यादी याच्या सैन्यासोबत त्यांनी वेढा मोडून काढला.