अंथरुणाला पाठ टेकली की डोकं सुरू होतं

"मॅडम, दिवसभर डोळे मिटत असतात आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकली की डोकं सुरू होतं." समोरचे गृहस्थ पंचेचाळिशीचे, हिशेबाच्या कामातले. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) चार महिने झाले होते, आठवड्यातल्या चार-पाच रात्री अशाच. डॉक्टरांची तपासणी झाली होती. घोरणं, झोपेत श्वास अडकणं, यातलं काही नव्हतं. हे मी आधी विचारतेच. दुखणं श्वासाचं आणि उपाय मनावर, असं व्हायला नको.

"मग रात्री करता काय?"

झोप लवकर यावी म्हणून ते साडेनऊलाच आडवे व्हायचे. शंभरापासून उलटे आकडे, मग श्वास मोजणं, मग कानात ध्यानाचं रेकॉर्डिंग. विचार आला की "नको, नको" म्हणत त्याला हाकलायचं. अधूनमधून मोबाइलवर वेळ बघायची आणि उठायला किती तास उरले याची वजाबाकी करायची. शेवटी हिशेबाचा माणूस! दोघांनाही हसू आलं.

"तुम्ही रात्रपाळी करताय," मी म्हटलं.

त्यांना मी एक मिनिट दिलं. पांढऱ्या अस्वलाचा विचार अजिबात करायचा नाही, आलाच तर टेबलावर टकटक करायची. सात वेळा टकटक झाली. हा प्रयोग मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांचा. 1987 साली त्यांनी दाखवलं की दाबलेला विचार नंतर उलट जास्त जोरात वर येतो. ध्यान किंवा श्वास मोजणं वाईट नाही. पण ते झोप आणण्यासाठी केलं, की दर दोन मिनिटांनी मन डोकावून बघतं, "आली का?" त्या बघण्यानेच माणूस जागा राहतो.

मला त्यांच्या विचारांपेक्षा त्या विचारांची वेळ महत्त्वाची वाटली. दिवसभर काम, माणसं, मोबाइल. स्वतःशी बोलायला पहिली मोकळी जागा मिळायची ती थेट उशीवर. म्हणून ती जागा संध्याकाळी करायची ठरवली: साडेसातला, खुर्चीत बसून, वहीत, पंधरा मिनिटं. डोक्यात जे आहे ते लिहायचं आणि त्यासमोर उद्याचं एक लहानसं पाऊल. पाऊल सुचत नसेल तर "माझ्या हातात नाही" एवढंच. 2018 मध्ये मायकेल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी 57 तरुणांना झोपण्यापूर्वी पाच मिनिटं लिहायला लावलं होतं. पुढची कामं लिहिणारे, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं आधी झोपले. जितकं नेमकं लिहिलं तितकं लवकर. एका रात्रीचा छोटा प्रयोग आहे, त्यावर सगळी भिस्त ठेवू नये. पण वही कुठेही मिळते.

दुसरी गोष्ट त्यांना मुळीच पटली नाही. झोपायला साडेअकराला, डोळे जड झाले तरच. सकाळी सहाला उठायचं, रात्र कशीही गेली तरी. वीसेक मिनिटं झाली असं वाटलं (अंदाजानेच, घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवायचं) की उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात एखादं कंटाळवाणं काम. त्यांनी कपड्यांच्या घड्या निवडल्या.

"उठलो तर आहे ती झोपही जाईल!"

हे प्रत्येकजण म्हणतो. पण तासन्‌तास तळमळत पडलं, की अंथरूण म्हणजे जागण्याची जागा अशी शरीराचीच समजूत होते. ती मोडायची तर तिथे तळमळणं बंद करावं लागतं. रिचर्ड बूटझिन यांनी 1972 मध्ये मांडलेली ही पद्धत आजही निद्रानाशाच्या उपचारात वापरतात. मात्र अपस्मार (फिट येणं) किंवा द्विध्रुवी विकार (बायपोलर, म्हणजे मनःस्थितीचे टोकाचे चढ-उतार) असेल, किंवा काम गाडी चालवण्याचं असेल, तर झोपेचे तास डॉक्टरांना न विचारता आवळू नयेत.

पहिला आठवडा वाईट गेला. पाचव्या दिवशी त्यांचा चिडून फोन आला: "हे काय चालवलंय तुम्ही?" खरं सांगायचं तर तेव्हा मीही थोडी धास्तावले. दुपारी डुलकी घेतली का, असं विचारलं. दोनदा घेतली होती. ती बंद केली.

तिसऱ्या आठवड्यात ते वही घेऊन आले. पानं चाळताना एक ओळ सारखी दिसत होती: "भावाशी बोलायचं." समोरचं पाऊल प्रत्येक वेळी कोरं. त्यावर आम्ही तासभर बोललो, झोपेचा विषयही निघाला नाही. दोन दिवसांनी त्यांनी भावाला फोन केला. भांडण मिटलं नाही, पण ती ओळ पुन्हा वहीत आली नाही.

अजूनही आठवड्यातली एखादी रात्र जागी जाते. मागच्या भेटीत जाताना दाराशी थांबून म्हणाले, "मॅडम, घड्या घालायचे कपडे आठ दिवस तसेच पडलेत. घरून तक्रार आलीय."