जुलैमध्ये मैत्रिणींसह थायलंडला जायचे आहे. खरी काळजी कशाची घ्यावी?

तुमचे वय बावीस आहे, परीक्षा आटोपल्यावर जुलैमध्ये दोन मैत्रिणींसह आठवडाभर बँकॉक आणि फुकेतला जायचे ठरते आहे आणि घरचे मात्र मुलींनी एकट्याने परदेशात जाण्याच्या विरोधात आहेत. तिथे खरोखर भीती कशाची, असे तुम्ही विचारले आहे. मी २०१९ साली, साधारण तुमच्याच वयाची असताना, मैत्रिणीसोबत क्राबीला गेले होते आणि त्यानंतर आणखी दोनदा थायलंडला जाऊन आले. त्या अनुभवावरून सांगते.

घरच्यांच्या डोळ्यांसमोर चोर, गुंड आणि पळवापळवी असते. पाकीटमारी तिथेही होते, बँकॉकच्या राजवाड्याबाहेर 'आज राजवाडा बंद आहे' असे सांगून रिक्षातून रत्नांच्या दुकानात नेणारे लोकही भेटतात, पण त्यात जातात ते पैसे. जीव जातो तो बहुतेक वेळा भाड्याच्या स्कूटरवर आणि समुद्रात, म्हणून आधी त्यांच्याविषयी लिहिते.

थायलंडमध्ये आपल्यासारखेच डाव्या बाजूने वाहन चालवतात. त्यामुळे रोज गाडी चालवणाऱ्या आपल्या मुलामुलींना ते रस्ते ओळखीचे वाटतात, आणि फसगत होते ती इथेच. रस्ते गुळगुळीत असतात, वाहने वेगात असतात, आणि फुकेतमध्ये पातोंगला जाणारा घाट तर तीव्र उताराचा व वळणांचा आहे. त्या देशात रस्त्यावर मरण पावणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक दुचाकी-तीनचाकीवरचे असतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या अहवालात नोंदले आहे. क्राबीला एका वळणावर रस्त्यावर आलेल्या वाळूवरून माझी स्कूटर घसरली. वेग फार नव्हता, तरी नडगी गुडघ्याखालपासून सोलवटून निघाली आणि मनगटाचे हाड मोडले. रुग्णालयातल्या काउंटरवरच्या मुलीने एक अक्षरही न बोलता कॅल्क्युलेटरवर अनामत रकमेचा आकडा टाइप केला आणि यंत्र माझ्याकडे वळवले. तो आकडा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. प्रवास विमा काढलेला होता, पण विमा कंपनीने पहिलाच प्रश्न विचारला तो आंतरराष्ट्रीय वाहन परवान्याचा. तो माझ्याकडे नव्हता, त्यामुळे दावा नाकारला गेला आणि सारा खर्च बाबांना इथून पाठवावा लागला. त्यातच पासपोर्ट स्कूटरवाल्याकडे गहाण ठेवलेला होता आणि गाडीच्या नुकसानीचे तो सांगेल तेवढे पैसे दिल्याशिवाय तो परत मिळेना.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, स्कूटर घेऊच नका. फुकेतमध्ये गाडी मागवण्याची ग्रॅब आणि बोल्ट ही ॲप चालतात, आणि फुकेत शहरातून मुख्य किनाऱ्यांकडे निळ्या सोंगथ्यू, म्हणजे मागे बाकडी टाकलेल्या उघड्या गाड्या, दिवसभर जातात. तरीही घ्यायचीच असेल, तर आरटीओमधून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. तो वर्षभर चालतो, परंतु तुमच्या मूळ परवान्यावर दुचाकीची नोंद असली पाहिजे. मागे बसणारीनेही हेल्मेट घालावे. अनामत म्हणून रोख रक्कम आणि पासपोर्टची प्रत द्या; मूळ पासपोर्टच हवा म्हणणारे दुकान सोडून पुढच्या दुकानात जा. विम्याच्या कागदातील दुचाकीविषयीचे कलम निघण्यापूर्वी स्वतः वाचा, एजंटच्या तोंडी सांगण्यावर विसंबू नका.

दुसरी गोष्ट तुमच्या तारखांची. मे ते ऑक्टोबर या काळात फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे पातोंग, करोन आणि काता येथे, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे समुद्र खवळलेला असतो. कोकणात ज्याला समुद्राची ओढ म्हणतात, तीच तिथे पोहणाऱ्याला आत खेचून नेते. लाल निशाण लावलेले असेल तेथे गुडघाभर पाण्यातही जाऊ नका. ओढीत सापडलेच, तर सरळ किनाऱ्याकडे पोहण्याचा हट्ट धरून दमू नये. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या पट्ट्यातून बाहेर यावे आणि मग काठाकडे वळावे. बोटींच्या सहलींचेही तेच. ५ जुलै २०१८ रोजी खराब हवामानाचा इशारा असताना निघालेली 'फिनिक्स' ही पर्यटक बोट फुकेतजवळ उलटली आणि ४७ जण बुडाले. सहलीचे पैसे भरले आहेत म्हणून बोटीत बसू नका. तिकिटे अजून काढली नसतील, तर फुकेतऐवजी को सामुईचा विचार करा. ते बेट दुसऱ्या बाजूला, थायलंडच्या आखातात आहे आणि तिथला मोठा पाऊस ऑक्टोबरनंतर येतो.

दारू घेणार की नाही हा तुमचा प्रश्न आहे, पण फुकट वाटले जाणारे घोट आणि बादलीत मिसळून देतात ती पेये टाळा. शेजारच्या लाओसमध्ये, वांग व्हिएंग या गावी, नोव्हेंबर २०२४ मध्ये मिथेनॉल हा विषारी मद्यार्क मिसळलेल्या दारूने सहा परदेशी पर्यटक दगावले, त्यांत एकोणीस वर्षांच्या दोन मैत्रिणी होत्या. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसे गेली, ती याच विषाने. चवीवरून ते ओळखता येत नाही. काही तासांनी डोळ्यांपुढे धूसर दिसू लागले, तर झोपून उतरेल असे न समजता ताबडतोब रुग्णालय गाठावे.

परत येताना कोणाचीही बॅग, खाऊचे पाकीट किंवा भेटवस्तू आपल्या सामानात घेऊ नका, मग देणारा कितीही ओळखीचा झालेला असो. बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या सामानात मुंबई विमानतळावर हायड्रोपोनिक, म्हणजे मातीशिवाय पाण्यावर वाढवलेला, गांजा सापडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. तिथे गांजाची दुकाने उघडपणे दिसतात म्हणून तो इथे आणणे क्षम्य ठरत नाही, आणि १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या, कायद्याखाली, माल दुसऱ्याचा होता हे सिद्ध करता करता तरुणपणाची वर्षे जातात. ई-सिगारेटही नेऊ नका, तिच्यावर थायलंडमध्ये बंदी आहे. आणि तिथे कोणी भरघोस पगाराची संगणकावरची नोकरी देऊ केली, तर बोलणे तिथेच थांबवा. अशाच आमिषाने सीमेपलीकडे म्यानमारमधील म्यावाडीला नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले.

थायलंडचे डिजिटल आगमन पत्र १ मे २०२५ पासून सक्तीचे झाले आहे. ते सरकारी संकेतस्थळावर मोफत भरता येते. पैसे मागणारे संकेतस्थळ सरकारी नव्हे.

घरच्यांसाठी एक कागद तयार करा. त्यावर विमानांचे क्रमांक, प्रत्येक रात्रीच्या हॉटेलचा पत्ता, विम्याचा क्रमांक आणि मैत्रिणींच्या घरचे फोन लिहा, सोबत तिघींच्या पासपोर्टच्या प्रती जोडा. त्याचीच एक प्रत स्वतःजवळ ठेवा आणि तिच्यावर थायलंडचे पर्यटक पोलीस ११५५, रुग्णवाहिका १६६९ आणि बँकॉकमधील भारतीय दूतावासाचा आणीबाणीचा क्रमांक लिहून घ्या. माझ्या अपघाताच्या दिवशी फोन फुटला होता आणि बाबांचा नंबर मला पाठ होता, म्हणूनच त्यांना कळवता आले.